सुजाताची हेडबाई आणि माझे उपवास

सुजाता, तुझी हेडबाई माझ्याकडे आहे आणि ती आता जेवते. हे आधी सांगून टाकते, म्हणजे तुझा जीव टांगणीला लागायला नको. बाकीचं सांगायला मला जरा वेळ लागेल.

तू गेलीस त्याला आता तीन महिने होत आले. शाळेतल्या जुन्या बाया भेटतात, "तुमची जोडी फुटली हो" म्हणतात, आणि मी मान हलवते. रडू येतं. पण रडण्याच्या आधी आणखी काहीतरी घशाशी येतं आणि मी ते पटकन गिळते. ते काय आहे, हे कळायला तुझी मांजर माझ्या घरी येऊन उपाशी बसावी लागली.

तुझ्या पुण्यानुमोदनाला मी आले होते. पांढरी साडी नेसून पुढच्या रांगेत बसले. भंतेजींनी वंदना घेतली, मेणबत्त्या लावल्या, तुझ्या फोटोला मी फूल वाहिलं. फोटोत तू हसत होतीस, वरचा दात थोडा पुढे आलेला, अगदी माझी काहीतरी फजिती पकडल्यासारखी. मग पंगत बसली. प्रज्ञाने, तुझ्या भाचीने, माझ्यासमोर ताट आणलं. भात, आमटी, वांग्याची भाजी, बुंदी. आणि माझ्या तोंडातून शब्द आपोआप बाहेर पडले, "अगं, आज माझा उपवास आहे."

त्या दिवशी कसलाही उपवास नव्हता. कुणी विचारलंही नाही. प्रज्ञाने ताट उचललं, आत गेली आणि दोन केळी घेऊन आली. "आत्याची सवय होती ना मावशी, तुमी येणार म्हटल्यावर केळी आणायची. मीपण आणून ठेवली," असं म्हणाली. टोमणा नव्हता त्यात. एखाद्या पाहुण्याला साखर चालत नाही हे जसं घरात सगळ्यांना माहीत असतं, तसं ते तुझ्या घरात माहीत होतं. मी तुझ्या फोटोसमोर बसून केळं सोललं आणि खाल्लं. दुसरं काय करणार होते?

प्रज्ञाची बदली सांगोल्याला झालीय. तिथल्या भाड्याच्या खोलीत मांजर चालत नाही म्हणाले, म्हणून जाताना तिने मला विचारलं, "हेडबाईला न्याल का मावशी? तुमच्याशिवाय आत्याचं दुसरं कोण हाय इथं?" मी लगेच हो म्हटलं. एवढा पुढाकार मी कशात घेत नाही, तुला माहीत आहे. केळ्याची भरपाई करत होते बहुतेक.

हेडबाई आली ती तुझ्या जुन्या चादरीच्या तुकड्यात गुंडाळून. सोबत तिची स्टीलची ताटली. त्या ताटलीवर टाक्यांनी कोरलंय, 'कु. सुजाता, केम', नाव आणि गाव. तुला नोकरी लागली तेव्हा आईने बार्शीहून भांडी घेऊन नावं घालून दिलेली, हे तू मला कितीदा सांगितलंस. बाकीची भांडी हरवली, चेपली, ही एक राहिली. ती मी घासली आणि गॅलरीत नेऊन ठेवली. स्वयंपाकघरात नाही. मांजराची म्हणून बाहेर ठेवली, असं ह्यांना सांगितलं. खरंच मांजराची म्हणून ठेवली की तुझी म्हणून, ते मला अजून छाती ठोकून सांगता येत नाही. मांजरासाठी मी दुकानातून नवीन गुलाबी वाटी आणली.

त्या गुलाबी वाटीला तिने तोंड लावलं नाही. दूध दिलं, बघितलं नाही. पाकिटातले दाणे दिले, हुंगले आणि बाजूला झाली. ह्यांनी कुणाला तरी विचारून सांगितलं की उकडलेलं अंडं द्या. सुजाता, माझ्या घरात अंडं आलं! सासूबाई असत्या तर अख्खं घर गोमूत्राने धुऊन काढलं असतं. मी स्वतः नाक्यावरच्या गाडीवरून ते आणलं, सोललं, कुस्करलं. हेडबाई वाटीपासून हातभर अंतरावर बसली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. वाटीकडे नाही, माझ्या तोंडाकडे. शाळेत तपासणीला आलेले साहेब वर्गाच्या मागच्या बाकावर बसून बघायचे ना, तशी.

पुढेही तेच. मी जेवायला बसले की येऊन समोर बसायची. घास उचलला की तिची मान वर, घास तोंडात गेला की मान खाली. तिला माझ्या ताटातलं हवं असेल म्हणून मी वाटीत टाकायची, ती नुसती वाटीकडे बघून माझ्याकडे बघायची. पाणी मात्र बेसिनच्या नळाचं थेंब थेंब चाटायची. तिची हाडं हाताला लागायला लागली. डॉक्टर म्हणाले, नवीन घर आहे, वेळ घेतात, पण मांजर असं उपाशी राहिलं तर त्याचं लिव्हर बिघडतं, फार थांबू नका. मी घाबरले. तू गेलीस ते माझ्या हातात नव्हतं. ही माझ्या घरात, माझ्या डोळ्यासमोर गेली असती तर मी प्रज्ञाला काय तोंड दाखवणार होते?

शेवटी तिला फोन केला.

"ताटली आत्याचीच हाय ना?" प्रज्ञाने पहिलं हेच विचारलं.

मी गॅलरीच्या दाराकडे बघितलं. मग म्हटलं, "आहे. गॅलरीत आहे."

"त्यातच द्या. दुधात भाकरी कुस्करून. आणि मावशी, आदी तुमी खायचं. त्याच ताटलीतलं. ती बघती. तुमी खाल्लं की मग खाती."

तेव्हा तिने मला सगळं सांगितलं, जे तू मला कधी सांगितलं नाहीस. की मी कधी विचारलं नाही. हेडबाई पिल्लू असताना तुमच्या गल्लीत कुणीतरी पिठाच्या गोळ्यात उंदराचं औषध घालून ठेवलं होतं. तिची आई आणि भावंडं गेली. ही तेवढी वाचली, तूच तिला पदरात घालून डॉक्टरकडे पळालीस. त्यानंतर ती माणसाने दिलेल्या कशालाच तोंड लावेना. मग तू तिच्यासमोर बसून त्याच ताटलीतला एक घास खायला लागलीस. रोज. दोन्ही वेळा. तिचा विश्वास बसेपर्यंत खाणार होतीस आणि पुढे तीच रीत पडून गेली.

बोलणं संपत आलं तेव्हा प्रज्ञा म्हणाली, "जमंल का तुमाला?"

तेवढंच म्हणाली.

तुला आठवतं, मी एकदा तुझ्याकडे आले होते आणि तू जमिनीवर बसून हेडबाईबरोबर दूधभाकरी खात होतीस. मी दारातच तोंड वाकडं केलं. "शी, मांजराचं उष्टं खातेस?" तू मान वर न करता म्हणालीस, "मी तिचं न्हाय खात, ती माजं खाती." आणि मग हसून, "सगळ्यांना सांगून पटत न्हाय गं नंदा. कुणाकुणाला खाऊन दाखवावं लागतं." मला वाटलं तू मांजराबद्दलच बोलतेस. म्हणजे, मी तसं वाटून घेतलं.

जात हा शब्द आपण दोघींनी कधी उच्चारला नाही. एवढी वर्षं एका शाळेत काढली, एका टेबलावर डबे उघडले. माझा डबा तू हक्काने ओढायचीस. शेंगाची चटणी तर मी तुझ्यासाठी वेगळी बांधून आणायची आणि तू बोटं चाटून म्हणायचीस, "लई भारी की!" मला ते बघून बरं वाटायचं. आपण किती मोठ्या मनाच्या, असंही वाटायचं. तुझा डबा तू माझ्याकडे सरकवलास की मी म्हणायची, सोमवार आहे. मंगळवार आहे. पोट बरं नाही. एकदा तू मुद्दाम साबुदाण्याची खिचडी करून आणलीस, उपवासाची म्हणून, आणि मी म्हणाले, साबुदाणा बाधतो मला. दुसऱ्याच आठवड्यात मुख्याध्यापकांच्या निरोप समारंभाला मी वाटीभर साबुदाणा वडे खाल्ले, तुझ्या शेजारी बसून. तू माझ्या बशीकडे बघितलंस आणि बाहेर खेळणाऱ्या मुलांकडे बघायला लागलीस.

सासूबाईंचं नाव मी खूप दिवस पुढे केलं. अक्कलकोटकडच्या त्या, कन्नड बोलणाऱ्या. वैशाखी पौर्णिमेला तू पहिल्यांदा खिरीचा डबा दिलास, तो मी घरी नेला तेव्हा त्या दारातूनच "ब्याड, ब्याड" म्हणाल्या, नको, नको. बुद्धाला खीर देणाऱ्या सुजाताचं नाव तुला मिळालेलं, म्हणून दर वर्षी तू खीर करायचीस. "नावाला जागायला नको व्हय?" म्हणायचीस. तो डबा मी धुण्याभांड्याच्या बाईला दिला, घासून परत आणला आणि तुला म्हणाले, छान झाली होती.

"वेलदोडा जास्त झाला का गं?" तू विचारलंस.

"छे, अगदी बेताचा."

"मी वेलदोडा घातलाच न्हवता की."

आणि तू हसलीस. सुजाता, तू हसलीस, भांडली का नाहीस? मी तुझ्या जागी असते तर तो डबा टाळक्यात घातला असता. तू नंतर कधी खीर पाठवली नाहीस आणि पुढच्या वेळी मी तुझ्या घरी आले तेव्हा टेबलावर केळी होती. "आमच्या केमकडची हायत. सालीसकट हायत," तू म्हणालीस. सालीच्या आतल्या फळाला आमच्याकडे दोष नव्हता. हे नियम तुला माझ्यापेक्षा नीट ठाऊक होते.

सासूबाई जाऊन किती वर्षं झाली. त्यांच्यानंतर मला कुणी अडवलं होतं? हे तर बाहेर सगळं खातात. मुलाने लग्न स्वतःच्या मर्जीने केलं, सुनेला मी जातबीत विचारली नाही, चारचौघीत ते मिरवलंही. पण तुझ्या घरचं ताट समोर आलं की माझ्या जिभेवर उपवास तयार. चहासुद्धा मी तुझ्याकडे सोडलेला असायचा आणि शाळेच्या कँटीनला दोन कप प्यायची, तेही तुझ्यासमोर.

आणि तरी माझ्या पोटाच्या ऑपरेशनला दवाखान्यात तूच राहिलीस. माझी वेणी घातलीस, बेडपॅन दिलंस. पहिल्यांदा पेज खायची परवानगी मिळाली तेव्हा वाटी हातात घेऊन म्हणालीस, "ही दवाखान्याची हाय गं, माजी न्हाय. खा." आणि चमच्याने भरवलीस. मी तुझ्या हातून पोटभर खाल्लं आणि त्यातला डंख मला तेव्हा लागलाच नाही. आता लागतो. दिवसातून कितीदा तरी लागतो.

शेवटच्या भेटीत तू खाटेवर होतीस. पाय सुजलेले, आवाज खोल गेलेला. हेडबाई तुझ्या पोटाशी. प्रज्ञाने भाकरी टाकली होती, तव्यावरून उतरलेली, वास घरभर. मी म्हणाले, आज संकष्टी. तू भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलंस. "संकष्टी परवाच झाली की." मग टेबलाकडे हात दाखवून म्हणालीस, "किती दिवस केळी खाणार हायस नंदा?"

मला हसू आलं. लाज वाटली की मी हसते, ही माझी जुनी खोड. "पुढच्या वेळी भाकरी खाते, बास?" म्हटलं.

"बग हं. हेडबाईसमोर बोललीस."

पुढची वेळ म्हणजे तुझं पुण्यानुमोदन होतं.

तर मी गॅलरीतून ती ताटली आत आणली. भाकरी केली, दुधात कुस्करली, हेडबाईच्या समोर मांडी घालून बसले. हे देवळात गेले होते, ते मी मुद्दाम बघून ठेवलं होतं. ताटलीच्या काठावर तुझं नाव होतं आणि त्यावर दुधाचा थेंब. घास उचलला आणि खोटं बोलून काय लपवणार, आधी मी नाटक केलं. घास ओठाला लावला, तोंड हलवलं, "अहाहा" म्हटलं आणि तो मुठीत लपवला.

हेडबाई हलली नाही. माझ्या गळ्याकडे बघत राहिली.

तुझ्या वेलदोड्यासारखंच झालं ते. तूही फसली नव्हतीस, ही पण फसली नाही. फरक एवढाच की तू हसून मला सोडून दिलंस. ही बसून राहिली, हाडाचा सापळा, आणि मी गिळेपर्यंत उपाशी मरायला तयार.

मग मी खाल्ला. माझ्याच हातची भाकरी, माझ्याच घरचं दूध आणि तरी तो घास तोंडात फिरत राहिला. गिळला. हेडबाई उठली, दोन पावलं पुढे आली आणि खायला लागली. मी तिथेच बसून हुंदके देत होते आणि ती चपचप करत खात होती. मांजरीला निदान कारण होतं, सुजाता. तिची आई विषाने मेली होती. मला तू काय केलं होतंस?

आता रोज खाते. ताटली स्वयंपाकघरातच असते, माझ्या ताटांच्या थप्पीत. ह्यांनीही ते बघितलंय. हेडबाईच्या अंगावर मांस आलंय, कपाटावर चढते, माझ्या पुस्तकांवर झोपते. तुला आवडलं असतं.

गेल्या रविवारी प्रज्ञा सांगोल्याहून आली, मांजर बघायला. मी वाटच बघत होते. खरं सांगू? मला तिला दाखवायचं होतं. मी हेडबाईची ताटली घेऊन बसले, सावकाश पहिला घास खाल्ला, प्रज्ञाला दिसेल असा. हेडबाई जेवली. प्रज्ञाने तिच्या पाठीवरून हात फिरवला, तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, झालं. फिटलं. मी लगबगीने उठले आणि म्हणाले, "बस गं, तुला ताट वाढते. शेंगाची चटणी आहे, भाकरी गरम आहे. तुझ्या आत्याला फार आवडायची."

प्रज्ञा मांजराच्या पाठीवरचा हात न काढता म्हणाली, "नको मावशी. आज माजा उपवास हाय."

आवाजात राग नव्हता. ती लहान होती तेव्हापासून मी तिला ओळखते. तुमच्या घरात कुणी कधी उपवास केलेला नाही. 'भूक लागली की खायचं, एवढंच आमचं व्रत', हे तूच म्हणायचीस. मी तिला विचारलं नाही, कसला उपवास. मला कुणी विचारलं होतं?

मी आत गेले. टोपली बघितली, फ्रीज उघडला, ओट्यावरचे डबेसुद्धा उगाच हलवले. घरात केळी नव्हती.

एवढ्या वर्षांत, कुणाला माझ्या घरचं खायचं नसेल, असं माझ्या मनातही आलं नव्हतं. मी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले. ती उठून चपला घालत होती. "येते मावशी, गाडी हाय," म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवसापासून मी केळी आणून ठेवते. ती परत कधी येईल माहीत नाही, येईल की नाही तेही माहीत नाही. दोन-तीन दिवसांत साल काळी पडते, वास सुटतो, मग मी ती बाहेर गाईला देते आणि नवी आणते. काल फळवाल्याकडे उभी होते तेव्हा माझ्या डोक्यात आलं, की मीसुद्धा कितीदा येते म्हणून यायचे नाही. तेव्हा तू माझ्यासाठी आणलेली ती केळी अशीच काळी पडत असतील ना गं? आणि तू पुन्हा जाऊन नवी आणत असशील.